दीडशे प्रवाशांतले शेवटचे पाच

१८० सीटांचं विमान, दोन तासांचा प्रवास आणि आत दीडशे माणसं. जगभरातली विमानं सरासरी साधारण एवढीच भरतात, म्हणजे दर सहा सीटांमागे एक रिकामी. आता या दीडशे तिकिटांचे पैसे एका टेबलावर मांडा आणि ज्याचं त्याचं देणं चुकवायला बसा. पंचेचाळीसेक जणांचे पैसे एकट्या इंधनात जातात. त्याच्या जवळपास जाणारी रक्कम पगारांत. मग विमानाचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता, देखभाल, विमानतळाचे आकार, आकाशातल्या मार्गांचं शुल्क, विमा, तिकीट विकणाऱ्यांचा वाटा, व्याज, कर. एकशे पंचेचाळिसाव्या प्रवाशापर्यंत येता येता टेबल रिकामं होतं. कंपनीचा सगळा नफा म्हणजे उरलेल्या पाच जणांचे पैसे.

हा हिशेब ओढूनताणून बसवलेला नाही. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा दरवर्षी या धंद्याचा ताळेबंद मांडते. कोरोनानंतरच्या चांगल्या वर्षांतही निव्वळ नफा १०० रुपयांच्या उत्पन्नामागे ३ ते ४ रुपये इतकाच राहिला. दर प्रवाशामागे साधारण ७ डॉलर. आपल्या दीडशे प्रवाशांच्या फेरीचा नफा धरला तर हजार डॉलरच्या आसपास. हा हजाराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि ही झाली चांगली वर्षं. २०२० या एका वर्षात जगभरच्या कंपन्यांना मिळून १३० अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला.

तिकिटाचे पैसे भरताना आपल्याला वाटतं, एवढे पैसे घेतात, बक्कळ कमावत असतील. कमावतात, पण हातात राहत नाही. का राहत नाही ते समजायला सगळ्यात आधी त्या शेवटच्या पाच जणांकडे बघू या. समजा ते आलेच नाहीत. कंपनीचा खर्च किती वाचला? सामानासकट पाच माणसांचं वजन अर्धा टन धरा. एवढं वजन कमी झालं तर दोन तासांच्या प्रवासात इंधन वाचेल जेमतेम तीस किलो. विमान जाळणार आहे सुमारे पाच टन. वैमानिक तेवढेच, क्रू तेवढाच, उतरण्याचं शुल्क तेवढंच, विमानाचं भाडं तेवढंच. म्हणजे उत्पन्न पाच तिकिटांनी घटलं आणि खर्च जवळपास जागेवरच राहिला. नफा गेला.

या धंद्याची सगळी गोम इथेच आहे. खर्च आधी होऊन बसलेला असतो आणि माल कमालीचा नाशवंत असतो. नासलेल्या दुधाचंसुद्धा काहीतरी करता येतं. दार बंद झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या सीटचं काहीही करता येत नाही.

मग इतकी कमी माणसं असतील तर फेरी रद्द का करत नाहीत, असं बरेच जण विचारतात. कारण ते विमान तिथून पुढे आणखी कुठेतरी जायचं असतं. पलीकडच्या विमानतळावर दीडशे माणसं त्याचीच वाट बघत उभी असतात. त्यातला क्रू तिसऱ्याच फेरीवर चढायचा असतो. दिवसभराच्या पाच-सहा फेऱ्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या असतात. मधला एक मणी काढला की अख्खी माळ सुटते.

आता विमानाकडे येऊ. एअरबसने २०१८ साली आपल्या विमानांच्या किमती जाहीर केल्या होत्या, त्यात आपल्या उदाहरणातल्यासारख्या १८०-एक सीटांच्या ए३२०निओची किंमत होती ११ कोटी डॉलरच्या वर. ही छापील किंमत कोणीच देत नाही. मोठी ऑर्डर असेल तर ती निम्म्यापर्यंतही खाली येते, असं या व्यवसायात सर्रास बोललं जातं. तरी पाच-सहा कोटी डॉलर म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हे, आणि एका विमानाने कंपनी उभी राहत नाही. म्हणून जगातली जवळपास निम्मी प्रवासी विमानं आज भाड्याची आहेत. शेपटीवर रंग एका कंपनीचा आणि मालक भलताच. १९७५ साली आयर्लंडमधल्या शॅनन इथे टोनी रायन यांनी विमानं भाड्याने देणारी कंपनी काढली तेव्हापासून हा व्यवसाय त्या देशात मुरला. आज जगातली सर्वात मोठी अशी कंपनी, एअरकॅप, डब्लिनमध्येच आहे. रायनएअर हे नावही याच टोनी रायन यांच्या आडनावावरून आलं.

भाड्याने घेतलं म्हणजे ओझं हलकं झालं असं मात्र नाही. नव्या ए३२०निओचं भाडं महिन्याला साडेतीन-चार लाख डॉलरच्या घरात जातं. मोजायला सोपं म्हणून ३ लाख ६० हजार धरू. दिवसाला झाले १२ हजार डॉलर. विमान दिवसात आठ तास उडालं तर दर तासाच्या डोक्यावर दीड हजाराचं भाडं बसतं. बारा तास उडालं तर एक हजाराचं. तेच विमान, तेच भाडं, फक्त जास्त वेळ हवेत राहिल्यामुळे तासाला ५०० डॉलर वाचले. दोन तासांच्या एका फेरीत हजार डॉलर. आठवतोय तो आकडा? एका फेरीचा अख्खा नफा एवढाच होता.

विमान जमिनीवर असताना कंपनीचा जीव का टांगणीला लागतो, ते यावरून कळतं.

मला गेटजवळच्या काचेपाशी उभं राहून विमानाची ही जमिनीवरची गडबड बघायला फार आवडतं. विमान येऊन थांबतं, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लागतात, इंजिनाची घरघर खाली उतरते. लगेच पोटाखाली सामानाचा पट्टा लागतो. एका पंखाखाली इंधनाची गाडी उभी राहते आणि एक माणूस शिडीवर चढून जाड पाइप जोडतो. मागच्या दाराला जेवणाचा ट्रक खालून वर उचलला जातो. पुढच्या दारातून माणसं उतरत असतात, तेवढ्यात मागून सफाईवाले आत शिरतात. वैमानिकांपैकी एक जण खाली येऊन विमानाभोवती फेरी मारतो, इंजिनाच्या तोंडात डोकावतो, चाकांशी वाकून टायर आणि ब्रेक बघतो. हे सगळं पंचवीस-तीस मिनिटांत उरकायचं असतं. प्रत्येक कामाला ठरलेलं मिनिट आहे. एक व्हीलचेअर यायला उशीर झाला, एका प्रवाशाची चढवलेली बॅग शोधून उतरवावी लागली, की पुढचं सगळं घसरतं.

या मिनिटांची किंमत जगाला दाखवून दिली ती अमेरिकेतल्या साउथवेस्टने. १९७१ साली तीन बोइंग ७३७ घेऊन ही कंपनी टेक्सासमध्ये सुरू झाली. पुढे चौथं विमान आलं, पण पैशाची तंगी इतकी झाली की १९७२मध्ये ते विकावं लागलं. फेऱ्या कमी केल्या तर कंपनी बुडणार होती. मग चार विमानांचं वेळापत्रक तीन विमानांवर चालवायचं ठरलं, आणि त्यासाठी विमान गेटला लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंत फक्त दहा मिनिटं द्यायची. लोकांना ते अशक्य वाटलं. त्यांनी करून दाखवलं. सीट नंबर न देणं, एकाच प्रकारची विमानं ठेवणं अशा त्यांच्या रीतींनी ही घाई निभावायला मदतच केली. आज जगभरच्या स्वस्त विमान कंपन्या ज्या पद्धतीने चालतात, तिचं मूळ बऱ्याच अंशी या नाइलाजात आहे.

एकाच प्रकारची विमानं ठेवण्याचा फायदा पटकन लक्षात येत नाही. वैमानिकाचा परवाना विमानाच्या प्रकारापुरता असतो. ७३७ चालवणाऱ्याला ए३२०च्या कॉकपिटमध्ये बसवायचं तर आठवड्यांचं प्रशिक्षण द्यावं लागतं. मेकॅनिकचं तसंच. सुट्या भागांचं तर विचारूच नका. दोन प्रकारची विमानं म्हणजे दोन गोदामं, वैमानिकांच्या सरावासाठी नकली कॉकपिटचे दोन सिम्युलेटर, आणि कोणी आजारी पडलं तर बदली द्यायला दोन वेगळे संच.

देखभालीचा खर्च मात्र लोकांना सगळ्यात कमी कळतो आणि मला तोच सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. आपण गाडी बिघडली की गॅरेजला नेतो. विमानात बिघडण्याची वाट बघणं मान्यच नाही. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, किती महिने झाले, या तीन घड्याळांवर सगळं चालतं. दर काही आठवड्यांनी एक रात्रभराची तपासणी, तिला ए-चेक म्हणतात. दीड-दोन वर्षांनी सी-चेक, त्यात विमान आठवडा-दोन आठवडे हँगरमध्ये अडकतं. आणि सहा ते बारा वर्षांत एकदा सगळ्यात मोठी तपासणी. तेव्हा सीटा, छताचे पत्रे, शौचालयं, गालिचे सगळं उपसून काढतात आणि विमानाचा नुसता सांगाडा उरतो. मग इंच न् इंच गंज आणि तडे शोधत जातात. कित्येक आठवडे चालणारं काम, खर्च लाखो डॉलरांत, आणि तेवढा काळ कमाई शून्य. भाडं मात्र चालूच.

इंजिनाची गोष्ट याहून कडक. इंजिनाच्या पोटात फिरणाऱ्या तबकड्यांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं, ते उड्डाणांच्या संख्येत. भाग कितीही चांगला दिसो, संख्या भरली की तो काढून टाकायचा. तडा नाही, झीज नाही, तरी भंगार. म्हणूनच छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या विमानाचं इंजिन लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा लवकर खर्चात पाडतं: तास कमी, पण उड्डाणं जास्त. एका इंजिनाची पूर्ण दुरुस्ती म्हणजे कित्येक दशलक्ष डॉलर.

आणि इथे कागदाला धातूइतकीच किंमत आहे. प्रत्येक भाग कुठे तयार झाला, कोणत्या विमानात किती वेळ होता, कोणी काढला, कोणी बसवला याची अखंड नोंद लागते. नोंद तुटली की चांगला भागही निरुपयोगी. २०२३मध्ये इंजिनाचे काही भाग खोट्या कागदपत्रांसह विकले गेल्याचं उघड झालं तेव्हा जगभरच्या अनेक कंपन्यांना इंजिनं उघडून ते भाग शोधून काढावे लागले.

त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांत दोष निघाला. तबकड्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या होत्या त्यातच अशुद्धी होती, आणि शेकडो इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागली. कितीतरी ए३२०निओ विमानं इंजिनाविना उभी राहिली. यात विमान कंपन्यांची काय चूक होती? काहीच नाही. तरी ज्यांच्याकडे ही विमानं होती त्यांचं वेळापत्रक कोलमडलं, जुनी विमानं वाढीव भाड्याने आणावी लागली. इंजिन बनवणारे जगात मोजके, तिथे दुसरा दुकानदार गाठायची सोय नाही.

इंधनाबद्दल सगळ्यांना माहीत असतं की ते महाग आहे. आपल्या दोन तासांच्या फेरीला पाच टन, म्हणजे सव्वासहा हजार लिटर. विमान पूर्ण भरलं असेल तर माणशी पस्तीसेक लिटर. पण या खर्चाचा एक वेगळाच पैलू आहे. विमानाला लागेल तेवढंच इंधन भरून चालत नाही. उतरायच्या जागी धुकं असेल तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, वर तीस मिनिटं घिरट्या घालायचं, शिवाय वाऱ्याचा अंदाज चुकला तर त्यासाठीचं, असं सगळं जादा इंधन नियमानेच सोबत न्यावं लागतं. हे जादा वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं: दर तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के. दहा तासांच्या प्रवासात दहा टन जास्त नेलं तर त्यातलं तीनेक टन स्वतःलाच उचलण्यात खर्ची पडतं.

म्हणून वजनाच्या बाबतीत कंपन्या इतक्या काटेकोर असतात. २०१८मध्ये युनायटेड एअरलाइन्सने सीटच्या खिशातल्या मासिकाचा कागद बदलला. प्रत्येक प्रत एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम हलकी झाली. कंपनीच्या सांगण्यानुसार वर्षाला १ लाख ७० हजार गॅलन इंधन आणि २ लाख ९० हजार डॉलर वाचणार होते. नुसत्या कागदाच्या जाडीतून. जमिनीवर धावताना एकच इंजिन चालू ठेवणं, पंखांची टोकं वर वळवणं, वैमानिकांच्या नकाशांच्या जड बॅगा काढून टॅबलेट देणं, हे सगळं इंधन वाचवण्याच्या त्याच हिशेबातलं.

भावाचं काय करायचं, हा त्याहून मोठा प्रश्न. आज विकलेलं तिकीट तीन महिन्यांनी उडणार. तिकिटाचा भाव आज ठरला, इंधनाचा त्या दिवशी ठरणार. मधल्या काळात तेल भडकलं तर भुर्दंड कंपनीचा. यावर उपाय म्हणून काही कंपन्या इंधनाचा भाव आधीच बांधून घेतात, त्याला हेजिंग म्हणतात. जुलै २००८मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं तेव्हा साउथवेस्टने आपल्या गरजेपैकी बराच मोठा भाग ५१ डॉलरच्या आसपास बांधून ठेवला होता. बाकीच्यांच्या नाकातोंडात पाणी जात असताना ती तरली. पण हे दुधारी शस्त्र आहे. २०१४नंतर तेल कोसळलं तेव्हा चढ्या भावात अडकलेल्या कंपन्यांना, त्यात हाँगकाँगची कॅथे पॅसिफिकही आली, बाजारभावापेक्षा जास्त मोजत बसावं लागलं. अमेरिकेच्या डेल्टा या विमान कंपनीने २०१२मध्ये वेगळीच वाट धरली आणि पेनसिल्व्हेनियातला तेलशुद्धीकरण कारखानाच विकत घेतला.

अमेरिकेबाहेरच्या कंपन्यांना यात आणखी एक फटका बसतो. इंधन, भाडं, सुटे भाग या सगळ्यांची बिलं डॉलरमध्ये येतात आणि तिकिटं विकली जातात आपापल्या देशाच्या चलनात. चलन घसरलं की विमानं तेवढीच भरलेली असूनही खर्च फुगतो.

आता माणसं. एका विमानात दोन वैमानिक दिसतात, पण एका विमानासाठी दोन वैमानिक ठेवून भागत नाही. विमान रोज बारा तास उडालं तर वर्षाचे ४,३८० तास झाले. वैमानिकाला थकव्याच्या नियमांमुळे वर्षाला हजार तासांच्या वर उडता येत नाही; सुट्ट्या, प्रशिक्षण, राखीव ड्युटी धरली तर हातात येतात सातशे-आठशे. म्हणजे एका विमानामागे साडेपाच-सहा जोड्या, अकरा-बारा वैमानिक. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची सिम्युलेटरमध्ये परीक्षा, आणि तो सिम्युलेटर स्वतःच कोटभर डॉलरच्या घरातला. हे नियम थकलेल्या वैमानिकांच्या हातून झालेल्या अपघातांनंतर आले आहेत. या खर्चातला एक पैसाही कमी व्हावा असं मला वाटत नाही.

केबिन क्रूचा नियम बहुतेक ठिकाणी असा: दर ५० सीटांमागे एक जण. माणसांमागे नव्हे, सीटांमागे. २०२२च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या इझीजेटकडे क्रू कमी पडला, तेव्हा तिने आपल्या काही ए३१९ विमानांतली शेवटची रांगच काढून टाकली. १५६ सीटांच्या १५० झाल्या आणि चारऐवजी तीन क्रूवर फेरी निघू लागली. सहा सीटांची कमाई सोडून देणं परवडलं, फेरी रद्द करणं परवडलं नसतं.

विमानतळ उतरण्याचे पैसे विमानाच्या कमाल वजनावर घेतो, शिवाय दर प्रवाशामागे आणि उभं राहण्याच्या वेळेवर वेगळे. आकाशही फुकट नाही. युरोपात वरून जाणाऱ्या विमानाला अंतर आणि वजन यांच्या सूत्राने बिल येतं. गर्दीच्या विमानतळांवर तर उतरायची वेळसुद्धा मिळवावी लागते. २०१६मध्ये ओमान एअरने लंडनच्या हीथ्रोवर उतरण्या-निघण्याच्या एका जोडीसाठी ७.५ कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. मिळालेली वेळ हंगामात किमान ८० टक्के वापरली नाही तर ती हातची जाते, त्यामुळे तोट्यातल्या फेऱ्याही चालवत राहाव्या लागतात. आणि कधी कधी आकाशच बंद होतं. २०२२मध्ये रशियाचा मार्ग बंद झाल्यावर फिनलंडच्या फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. तेवढीच माणसं, तेवढंच तिकीट, वर साडेतीन तासांचं इंधन आणि जादा वैमानिक. त्या कंपनीने पूर्वेकडचा जवळचा रस्ता याच एका गोष्टीवर आपला धंदा उभारला होता.

उशीर झाला तर? युरोपातल्या नियमांप्रमाणे कंपनीच्या चुकीने विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोहोचलं तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई द्यावी लागते. दीडशे माणसांचे झाले ३७,५०० युरो. फेरीचा नफा हजार डॉलर. म्हणजे एका बिघाडाने चाळीसेक फेऱ्यांची कमाई धुऊन नेली. प्रवाशाला भरपाई मिळालीच पाहिजे, त्याचा दिवस वाया गेलेला असतो. पण एका सदोष सेन्सरचा फटका कुठवर पोहोचतो ते यातून दिसतं. डिसेंबर २०२२मध्ये साउथवेस्टचंच वेळापत्रक वादळानंतर सावरेना, कारण कोणता क्रू कुठे अडकलाय हे जुनी संगणक यंत्रणा जुळवू शकली नाही. १६ हजारांहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या आणि खर्च अब्ज डॉलरच्या पुढे गेला. दहा मिनिटांत विमान फिरवून दाखवणारी कंपनी ती हीच.

एवढं असून कंपन्या चालतात कशावर? तर आपण आगाऊ भरलेल्या पैशावर. उन्हाळ्याचं तिकीट हिवाळ्यात काढलं की तोवर ते पैसे कंपनीच्या हातात खेळतात. विश्वास आहे तोवर हे चक्र फिरतं. एप्रिल २००८मध्ये अमेरिकेच्या फ्रंटियरला कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीने कळवलं, की तिकिटांच्या रकमेचा मोठा हिस्सा आता आम्ही प्रवास होईपर्यंत राखून ठेवू. विमानं उडत होती, प्रवासी होते, आणि तरी फ्रंटियरला दिवाळखोरीत जाऊन संरक्षण मागावं लागलं. त्याहून चटका लावणारी आठवण स्विसएअरची आहे. ‘उडती बँक’ म्हणवली जाणारी, वक्तशीरपणासाठी नावाजलेली कंपनी. २ ऑक्टोबर २००१ला इंधन पुरवठादारांनी उधारी नाकारली, रोख द्यायला पैसे नव्हते, आणि सगळी विमानं जिथल्या तिथे थांबली. हजारो प्रवासी हातात वैध तिकीट घेऊन विमानतळावर उभे होते.

म्हणूनच आता सीट हा कंपनीचा एकमेव माल उरलेला नाही. बॅगेचे वेगळे पैसे, खिडकीजवळच्या सीटचे वेगळे, पोटातल्या मालवाहतुकीचे वेगळे. शेवटच्या पाच जणांची भर अशी कुठून कुठून काढावी लागते. सगळ्यात चांगली कमाई देतात ते पॉइंट, म्हणजे साठवून पुढे तिकिटासाठी वापरता येणारे गुण. विमान कंपन्या आपले पॉइंट बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते कार्डधारकांना वाटतात. त्यात ना इंधन जळतं ना टायर झिजतो. २०२०मध्ये विमानं जमिनीला खिळली आणि युनायटेडला कर्ज काढायची वेळ आली, तेव्हा तिने तारण ठेवला आपला मायलेजप्लस हा पॉइंटांचा कार्यक्रम. त्याचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितलं गेलं. विमानं, इंजिनं, हँगर, मार्ग आणि तो कार्यक्रमही धरून अख्ख्या कंपनीचा शेअर बाजारातला भाव त्या वेळी याच्या निम्म्याच्या आसपास होता.